गेलेली पाळी परत येत नसते

"डाक्टरीणबाई, बारा वर्सांनी मले पाळी परत आली." हे वाक्य माझ्या टेबलासमोर पुन्हा पुन्हा ऐकू येतं. कुणी लाजत सांगतं, कुणी कौतुकानं. बहुतेक जणी तर हे सांगायला आलेल्याच नसतात. त्या गुडघे दुखतात म्हणून येतात आणि उठता उठता पदर सारखा करत हे बोलून जातात.

म्हणून आज एकच गोष्ट सांगते. शेवटच्या पाळीला पूर्ण वर्ष उलटलं की पाळी गेली. त्यानंतर अंगावरून लाल गेलं तर ती पाळी नाही. एक डाग असो, एकदाच असो, दुखत नसो, तपासणी करायचीच.

गेली काही वर्षं मला एका आजीची सारखी आठवण येते. घाटाखालच्या एका खेड्यातल्या, सत्तरीच्या. मुलगा पुण्याला कंपनीत, सून शेतात, तीन नातवंडं आजींच्याच हाताखाली वाढलेली. पहाटे चारला चूल पेटवायची, पोरांचे डबे, मग कापूस वेचायला. धाकट्या नातवाला ताप आला की त्याला कडेवर घेऊन एसटीनं दवाखान्यात आणायच्या. त्याच्या गोळ्यांच्या वेळा त्यांना तोंडपाठ असत. त्यांचं स्वतःचं ब्लडप्रेशर मात्र मी बळेच मोजायचे.

त्यांच्या अंगावरून आठ महिने जात होतं. पहिल्यांदा गेलं तेव्हा त्यांनी विटाळ पाळला. चार दिवस देवघराला शिवल्या नाहीत, शेगावची ठरलेली वारी रद्द केली, पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं. पुढच्या खेपेला औषधाच्या दुकानातून रक्त थांबवायच्या गोळ्या मागवल्या. थोडं थांबलं, पुन्हा सुरू झालं. मग कुणीतरी मोबाईलवर एका महाराजांचा व्हिडिओ दाखवला आणि अंगातली गरमी उतरावी म्हणून रोज सकाळी सब्जा, धन्याचं पाणी आणि दुर्वांचा रस सुरू झाला. कपडे त्या उजाडायच्या आत वेगळे धुवायच्या. शेवटी कॉलेजात शिकणाऱ्या नातीच्या ते लक्षात आलं आणि ती आजीला ओढतच माझ्याकडे घेऊन आली.

मी रागावले. त्या म्हणाल्या, "ह्या वयात कायले सांगू सुनेले? पोरीचं लगन होऊ द्या, मंग पाहू." तपासणीत गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला, बराच पसरलेला. एका पायाला सूज होती, कंबर ठणकत होती. त्यांच्या लेखी ते सगळं म्हातारपण होतं. नातीचं लग्न त्यांनी पाहिलं नाही. नातीनं लग्नाची पत्रिका मला आणून दिली तेव्हा सर्वात वर आजीचं नाव होतं.

आता धीराचं बोलते, कारण हे वाचून काही जणींची झोप उडेल. पाळी गेल्यावर रक्त जाणाऱ्या दहा जणींपैकी साधारण एकीच्या गर्भाशयात कॅन्सर सापडतो. बाकीच्यांमध्ये बहुतेक वेळा आतली कातडी सुकून पातळ झालेली असते, मस असतो, नाहीतर जंतुसंसर्ग असतो. औषधानं नाहीतर छोट्या उपचारानं ते बरं होतं. पण तुम्ही त्या नऊ जणींतल्या की दहावी, हे घरी बसून कुणालाच कळत नाही. मला नाही, तुम्हाला नाही, व्हिडिओतल्या महाराजांना तर नाहीच. वजन जास्त असेल, साखरेचा आजार असेल किंवा स्तनाच्या कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेनची गोळी चालू असेल, तर शंका जास्त घ्यायची. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे म्हणून जात असेल, असं स्वतःच ठरवू नका. तपासणी तरीही लागते. लाल नाही पण दुर्गंधीचं पाणी जातं, चॉकलेटी डाग पडतो, संबंधानंतर रक्त दिसतं, हेही त्यातच आलं.

तपासणीला घाबरण्यासारखं काही नाही. टेबलावर झोपवून आतून पाहतो, पाच मिनिटांचं काम. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या आतल्या अस्तराची जाडी मोजतो. ती 4 मिलिमीटरहून जास्त भरली, किंवा रक्त वारंवार जात असेल, तर अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतो. आणि हे नीट ऐका. "सोनोग्राफी नॉर्मल आली" म्हणून घरी जाऊ नका. गर्भाशयाच्या तोंडाचा सुरुवातीचा कॅन्सर सोनोग्राफीत बहुधा दिसत नाही, तो डोळ्यांनी पाहून आणि तिथल्या पेशी तपासणाऱ्या पॅपसारख्या चाचणीतून सापडतो.

दुसऱ्या टोकाचाही मला तितकाच संताप येतो. काही ठिकाणी काहीही न तपासता "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल" म्हणतात. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर असताना साधं पिशवीचं ऑपरेशन झालं तर पुढचा उपचार अवघड होऊन बसतो. आधी तुकड्याचा रिपोर्ट, मग ऑपरेशनचं बोलणं.

बार्शीचं उदाहरण मी नेहमी देते. 1987 साली बार्शी भागात ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी सुरू झाली. नोंदणीची माणसं गावोगाव जाऊन बायांशी बोलली, कोणती लक्षणं अंगावर काढायची नाहीत ते सांगितलं. एवढ्यानंच गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर असलेल्या बाया लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या आणि जास्त जगू लागल्या. पुढे उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, 1,31,746 बायांवर मोठा अभ्यास झाला. 2009 मध्ये त्याचा निष्कर्ष आला. आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीनं, म्हणजे या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूच्या तपासणीनं, या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर आले होते. या सगळ्या आपल्यासारख्याच खेड्यांतल्या बाया होत्या. तेव्हा आजीला घेऊन येणाऱ्या तिशीपुढच्या सुनांनो, त्याच दिवशी स्वतःचीही तपासणी करून घ्या.

आजीची काळजी घ्यायची म्हटलं की मला जिजाऊ आठवतात. आपला बुलढाणा जिल्हा त्यांचा. 12 जानेवारीला, त्यांच्या जन्मदिवशी, सिंदखेड राजाला गर्दी लोटते. आपण त्यांना राजमाता म्हणून ओळखतो, पण त्या आजीही होत्या. 1659 मध्ये त्यांच्या सून सईबाई गेल्या तेव्हा नातू संभाजीराजे जेमतेम सव्वादोन वर्षांचे होते. त्या आईवेगळ्या नातवाला जिजाऊंनी वाढवलं. म्हातारपणी रायगडावरची थंड हवा त्यांना मानवेना, म्हणून शिवाजी महाराजांनी गडाखाली पाचाडला त्यांच्यासाठी वाडा बांधला, असं सांगतात. राज्याभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, 17 जून 1674 ला, त्या वाड्यातच त्या गेल्या. मला त्या वाड्याचं फार अप्रूप वाटतं. एवढ्या धामधुमीत लेकानं आईला काय सोसत नाही याची दखल घेतली होती.

पैशांची सबब मला सांगू नका. बुलढाण्याचं जिल्हा रुग्णालय किंवा खामगावचं सामान्य रुग्णालय गाठा. सत्तरी ओलांडलेल्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

आजी स्वतःहून सांगणार नाही. तेव्हा लेकींनो, सुनांनो, नातींनो, आज भांडी आवरून झाली की तिच्या शेजारी बसा आणि सरळ विचारा, "आजी, अंगावरून लाल जातं का?" ती आधी "काही नाही" म्हणेल. पुन्हा विचारा. हो म्हणाली, तर सोयाबीनची सोंगणी, लग्न, वारी, कशाचीही वाट न पाहता या आठवड्यातच तिला घेऊन या.