एअर क्लीनर बदलला? मग ब्रीदरची नळी कुठं जोडली ते आधी बघा



सोयाबीनची मळणी तोंडावर आली आहे. आज पिकाचा नाही, मळणी यंत्र चालवणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरचा विषय घेतो. जुना ट्रक किंवा जीप असेल तरी हाच सल्ला लागू आहे.

मागच्या हंगामात आमच्याच घरी हे घडलं. जुन्या ट्रॅक्टरचा ऑइल बाथ एअर क्लीनर गंजून फुटला. काकांनी त्याजागी कोरडा, कागदी फिल्टरचा क्लीनर बसवला. ब्रीदरच्या नळीला नव्या क्लीनरवर जागाच नव्हती, म्हणून नळीच्या तोंडात बोल्ट घालून क्लिप आवळली. मळणीच्या तिसऱ्या दिवशी मागच्या सीलमधून ऑइल क्लच प्लेटवर आलं. ट्रॅक्टर मधोमध खोलावा लागला. सोयाबीनची गंजी रानात आणि आभाळ भरून आलेलं. एका बोल्टपायी आठ दिवस गेले.

*ब्रीदर कशासाठी असतो?*
पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळालेला थोडा गॅस त्यांच्या बाजूनं खाली ऑइल चेंबरमध्ये उतरतोच. त्याला बाहेर पडायला वाट हवी. ती वाट म्हणजे ब्रीदर. वाट बंद झाली की आत दाब वाढतो आणि तो सगळ्यात कमजोर जागा शोधतो. ऑइल सील, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, नाहीतर डिपस्टिकचं भोक. ऑइल तिथूनच बाहेर येतं.

*आधी आपला प्रकार ओळखा*
1️⃣ नळी इंजिनच्या बाजूनं खाली जमिनीकडं सोडलेली, किंवा टॅपेट कव्हरवर जाळीची टोपी: हा ब्रीदर एअर क्लीनरला जोडलेला नसतोच. तसाच राहू द्या. फक्त जाळी डिझेलमध्ये धुऊन, वाळवून बसवा.
2️⃣ नळी एअर क्लीनरकडं किंवा मॅनिफोल्डच्या पाईपकडं गेलेली: क्लीनर बदलला तर ही नळी पुन्हा जोडावीच लागते.

*जोडायची कुठं?*
फिल्टर आणि इंजिन यांच्या मधल्या पाईपला, म्हणजे गाळलेल्या हवेच्या बाजूला. फिल्टरच्या अलीकडं, धुळीच्या बाजूला जोडली तर ऑइलची वाफ कागदी फिल्टरवर बसते, त्यावर भुसा चिकटतो आणि फिल्टर तुंबतो. इंजिन काळा धूर सोडायला लागतं.

पाईपला निपल नसेल तर पाईप *काढून* वेल्डरकडं न्या. इंजिनवर असताना भोक पाडू नका, लोखंडाचा कीस थेट सिलेंडरमध्ये जाईल. वेल्डिंग झालं की पाईप आतून घासून, धुऊन, पुसूनच बसवा.

*या चुका टाळा* ❌
• नळीत बोल्ट, चिंधी, लाकडाची खुंटी.
• ठिबकची नळी वापरणं. गरम ऑइलनं ती मऊ पडते आणि चपटी होते. ऑइल सहन करणारी रबरी नळीच घ्या, जुनीच्याच मापाची.
• नळीला मध्ये पोट पडू देणं. तिथं पाणी आणि ऑइल साचून वाट बंद होते. नळी इंजिनकडून वर चढत गेली पाहिजे.
• गाळलेल्या हवेच्या बाजूचं निपल उघडं ठेवणं. *ही सगळ्यात महाग चूक.* त्या भोकातून मळणीची धूळ फिल्टरला चुकवून आत जाते आणि रिंगा-लायनर घासून टाकते. निपल लागत नसेल तर घट्ट टोपी लावा.

*जुनी पेट्रोल जीप असेल तर*
पेट्रोल इंजिनची ओढ जास्त असते, म्हणून मॅनिफोल्डकडच्या नळीत छोटा व्हॉल्व्ह असतो. तो काढून सरळ नळी जोडू नका. एअर क्लीनरकडून येणारी दुसरी नळी इंजिनला स्वच्छ हवा देते, तीही जोडा.

*काम झाल्यावर तपासा* ✅
• इंजिन गरम करून, मंद चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करा. हलकी वाफ चालेल. झाकण उडत असेल, धूर जोरात येत असेल, तर नळी नीट मोकळी आहे का बघा. ती मोकळी असूनही तसंच होत असेल तर रिंगा गेल्या आहेत. नळी बदलून भागणार नाही.
• पहिल्या दिवसाच्या मळणीनंतर इंजिन बंद करा. फिल्टरच्या पुढचा पाईप काढून आतून पांढऱ्या फडक्यानं पुसा. फडक्यावर माती आली तर कुठंतरी फट आहे.
• ट्रॅक्टर वाऱ्याच्या दिशेनं असा लावा की भुसा इंजिनपासून लांब उडेल.

⚠️ *जिवाची गोष्ट:* इंजिन ऑइल वरच्या खुणेच्या वर भरू नका. जास्तीचं ऑइल ब्रीदरच्या नळीतून हवेच्या पाईपात ओढलं गेलं, तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर पळत सुटतं. मग स्टॉप ओढूनही बंद होत नाही. अशा वेळी आधी माणसं लांब करा. जवळ जाणं शक्य असेल तरच हवेच्या तोंडावर जाड सपाट फळी दाबा. हात किंवा कापड लावू नका.

वॉरंटीतल्या नव्या ट्रॅक्टरला यातलं काही करू नका, सर्व्हिस सेंटरलाच न्या.

जोडणीबद्दल शंका असेल तर ब्रीदर आणि एअर क्लीनर दोन्ही दिसतील असा फोटो पाठवा. मिस्त्रींना दाखवून उत्तर देतो. बदनापूर, अंबड, घनसावंगी, परतूर... जिथं मळणी आधी सुरू होणार, त्यांनी आजच नळी बघून घ्या.

– आपला कृषी सल्लागार 🌱