‘कोन’, शंकु आणि खळ्यांतली रास

भूमितीच्या तासाला इंग्रजी ‘कोन’ हा शब्द प्रथम कानीं पडला कीं आपल्याकडील विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढें दोन रेषा एका बिंदूंत मिळालेल्या उभ्या राहतात. गुरुजी बोलत असतात निमुळत्या घनाकृतीविषयीं, आणि वहींत उमटतो काटकोन! उच्चार सारखा, कूळ मात्र निराळें. आपला कोन संस्कृत ‘कोण’ शब्दापासून आला. इंग्रजी शब्दाचें मूळ ग्रीक ‘कोनॉस’. चीड वृक्षाच्या खवल्याखवल्यांच्या फळास ग्रीक लोक हें नांव देत. भोंवऱ्यालाही तोच शब्द होता. फळाचें नांव आकाराला मिळालें व तें लॅटिन-फ्रेंचमधून सोळाव्या शतकांत इंग्रजींत उतरलें.

चीड वृक्ष आमच्या वऱ्हाडांतल्या मुलाच्या ओळखीचा कोठून असणार? मराठीनें या आकाराला ‘शंकु’ म्हटलें. शंकु म्हणजे मूळचा खुंटा. बारा अंगुळांचा शंकु जमिनीवर रोवून त्याच्या छायेवरून दिशा व वेळ काढीत.

भास्कराचार्यांनीं ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त धान्याच्या राशीचें गणित आहे. तें अकोला-अमरावतीकडील कोणत्याही खळ्यावर पडताळून पाहावें. रास म्हणजे शंकुच. तिचा परिघ दोरीनें मोजावा, त्याच्या सहाव्या भागाचा वर्ग करावा व उंचीनें गुणावें. उंची निराळी मोजणें नको. हरभऱ्यासारख्या जाड धान्याची ती परिघाच्या दहावा हिस्सा. बारीक दाणा अधिक घसरतो म्हणून त्याची अकरावा. कुसळाचें धान्य एकमेकांत अडकतें म्हणून त्याची नववा. हरभऱ्याच्या राशीचा परिघ ३० हात असेल तर सहावा भाग ५, त्याचा वर्ग २५, उंची ३. घनफळ ७५ घनहात.

येथें परिघ व्यासाच्या तिप्पट धरला आहे. सूक्ष्म हिशोबानें घनफळ सुमारें ७१.६ येतें, म्हणजे ही चूक विकणाऱ्याच्या पथ्यावर पडणारी! भास्कराचार्यांस सूक्ष्म गुणोत्तर ठाऊक नव्हतें असें मात्र नाहीं. ३९२७ ला १२५० नें भागावें, असें त्यांनींच अन्यत्र सांगितलें आहे.

रास भिंतीच्या आंतल्या कोपऱ्यांत घातली असेल तर? तेथें शंकूचा चतुर्थांशच उभा असतो. म्हणून दिसणारा परिघ चौपट करून गणित करावें व उत्तरास चारानें भागावें. या कोपऱ्याला त्या श्लोकांत शब्द आहे ‘कोण’.