खुडूक कोंबडी, पिल्लं आणि रांगतं बाळ



थंडी पडायला लागली की वस्तीत घरोघरी कोंबड्या अंड्यांवर बसतात. कुणाच्या पलंगाखाली पाटी, कुणाच्या मोरीशेजारी डालगं, कुणी तर माळ्यावर फुटक्या टबात कोंबडी बसवलेली. कोंबड्या पाळू नका, असं आम्ही सांगणार नाही. हातावर पोट असलेल्या घरात चार गावठी कोंबड्या म्हणजे पोरांच्या ताटात अंडं आणि अडीनडीला दोन पैसे. पण 10 बाय 12 च्या खोलीत 21 दिवस कोंबडी आणि पुढे दोन महिने पिल्लं राहणार असतील, तर त्याच खोलीत रांगणाऱ्या बाळाचं काय, हेही बघायला हवं. म्हणून या वेळी अंडी उबवण्यापासूनच सुरुवात करू.

दुकानातून आणलेल्या अंड्यातून पिल्लू निघत नाही. तिथली अंडी पोल्ट्रीतली, त्या कोंबड्यांजवळ कोंबडा नसतोच. शाळेतली पोरं असं अंडं कापसात गुंडाळून ठेवतात आणि आठवडाभराने खोलीत वास सुटतो. उबवायला कोंबड्याच्या संगतीत असलेल्या कोंबडीचंच अंडं हवं, तेही 7 ते 10 दिवसांच्या आतलं, स्वच्छ, न तडकलेलं. ते धुवायचं नाही. कवचावर एक पातळ थर असतो, तो धुतल्याने जातो आणि कवचाच्या बारीक छिद्रांतून जंतू आत शिरतात. फ्रीजमध्येही ठेवायचं नाही. थंड कोपऱ्यात, निमुळतं टोक खाली करून ठेवा. गावठी कोंबडीच्या पोटाखाली 10-12 अंडी बसतात. हाव धरून 16 घातली तर कडेची गार पडतात.

कोंबडी बसली की तिचं काम तिला करू द्या. अंडी ती स्वतःच फिरवते. दिवसातून एकदा उठते, खाते, पाणी पिते, विष्ठा टाकते आणि 15-20 मिनिटांत परत बसते. दाणापाणी पाटीजवळ असू द्या, पण पाटीत नको.

सातव्या रात्री अंधार करून अंड्यामागे मोबाईलची बॅटरी धरा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव धरलाय. सगळं अंडं एकसारखं स्वच्छ, पिवळसर दिसलं तर तिथे कोंबड्याचा संबंधच आलेला नाही. अशा अंड्याला काही जण वांझ म्हणतात. तो शब्द आम्हाला आवडत नाही. दोष कोंबड्याचा असला तरी नाव कोंबडीलाच का?

आणि हो, आठवडाभर उबेत राहिलेलं अंडं काढून पोरांना उकडून देऊ नका. पैसे वाया जातात म्हणून देणाऱ्या घरी आम्ही जाऊन आलो आहोत. ऊब जशी पिल्लाला मानवते तशी जंतूंनाही मानवते. पुरून टाका.

अंडी फुकट गेली की अजूनही ऐकू येतं, पाळी आलेल्या पोरीची सावली पडली, कुणाची तरी नजर लागली. पाटीत लोखंडाचा तुकडा, कोळसा, वाळलेली मिरची ठेवलेली आम्ही आपल्याच घरांत पाहिली आहे. लोखंडाच्या तुकड्याने नुकसान होत नाही, पण पाळीच्या दिवसांत पोरीला कोपऱ्यात बसवण्याने नक्की होतं. बॅटरी लावून बघितलं की कारण दिसतं. अंडं जुनं होतं, कोंबडी वारंवार उठली, उन्हाने पत्रा तापला, किंवा कोंबडाच नव्हता. यात पोरीचा काय संबंध?

हल्ली तरुण पोरं थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून मशीन बनवतात. त्यात उष्णता साधारण 37.5 ते 38 अंश सेल्सिअस लागते, म्हणजे जवळपास आपल्या अंगाएवढीच. आत पाण्याची वाटी ठेवून ओलावा टिकवायचा, अंडी दिवसातून तीन ते पाच वेळा फिरवायची आणि 18 व्या दिवसानंतर फिरवणं थांबवायचं. पोरांच्या डोक्याचं कौतुक आहे. पण थर्माकोल पेट घेतं, आणि आपल्या घरांत एकाच बोर्डावर पंखा, टीव्ही आणि चार्जर लोंबत असतात. बल्ब थर्माकोलला टेकू देऊ नका, वायरीला उघडे सांधे नकोत, आणि ते खोकं कपड्यांच्या दांडीखाली किंवा झोपलेल्या माणसाशेजारी अजिबात नको.

विसाव्या-एकविसाव्या दिवशी कवचाला टोच पडते. तिथून पिल्लू बाहेर यायला कधी पूर्ण दिवस जातो. बोटाने कवच सोलून मदत करायला जाऊ नका, आतल्या शिरा ओल्या असतात, रक्त जातं आणि पिल्लू दगावतं. बाहेर आलेलं पिल्लू पोटातल्या बलकावर दोन दिवस काढू शकतं. ते सुकलं की तांदळाची कणी, भरडलेली ज्वारी आणि उथळ थाळीत पाणी द्या. थाळीत चार खडे टाका म्हणजे पिल्लं बुडणार नाहीत.

आता घरातल्या माणसांकडे येऊ.

पिल्लू कापसाच्या बोंडासारखं दिसतं, पोरं ते गालाला लावतात, मुका घेतात. पण ठणठणीत दिसणाऱ्या पिल्लाच्या विष्ठेतही साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. पिसांना, पायांना, पाटीला ते चिकटतात. मोठ्या माणसाला बहुतेक वेळा काही दिवस जुलाब होऊन भागतं. पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई आणि म्हातारं माणूस यांना ते जड जातं. जंतू पोटात गेल्यावर काही तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही ताप, पोटात कळ आणि जुलाब सुरू होतात. त्यामुळे मागच्या रविवारी मांडीवर घेतलेल्या पिल्लाची आठवण कुणाला येत नाही, दोष बाहेरच्या भेळेवर जातो.

आमच्या एका वस्तीत 14 महिन्यांच्या मुलीला महिन्यात तीनदा जुलाब झाले. अंगणवाडीच्या कार्डावर वजनाची रेघ खाली आलेली. पाणी उकळून देत होते, बाटली बंद केली होती, तरी थांबेना. घरी गेलो तर पलंगाखाली खोकं, खोक्यात 9 पिल्लं, आणि फरशीवर रांगणारी मुलगी दिसेल ते उचलून तोंडात घालत होती. आजी म्हणाल्या, "सिस्टर, मग पिल्लं काय रस्त्यावर ठेवू? बाहेर मांजर हाय, घूस हाय, चोर हायेत." आजींचं खोटं नव्हतं. ज्याच्या घराला अंगण नाही त्याला 'कोंबड्या अंगणात ठेवा' असं सांगून उपयोग काय? शेवटी त्यांच्या जावयाने फळांचं लाकडी खोकं आणलं, पुढे बारीक जाळी ठोकली आणि दाराबाहेर भिंतीला कमरेच्या वर टांगलं. रात्री गोणपाट, तळाला राख आणि भुसा. खर्च जाळीचा आणि खिळ्यांचा. दोन महिन्यांनी वजनाची रेघ वर वळली. एवढ्यानेच वळली असं आम्ही म्हणणार नाही, त्याच काळात झिंकच्या गोळ्याही पूर्ण झाल्या होत्या.

पण असं फक्त आपल्याकडेच होत नाही. आफ्रिकेतल्या इथिओपिया देशात खेड्यांतल्या घरांचा अभ्यास झाला, तो 2016 साली प्रसिद्ध झाला. कोंबड्या असलेल्या घरांतली मुलं उंचीला बरी आढळली. मात्र जिथे त्या कोंबड्या रात्री माणसांच्याच घरात कोंडल्या जात, तिथली मुलं उंचीला मागे पडलेली आढळली. म्हणजे कोंबडी हवी, फक्त तिची रात्र वेगळ्या जागी जायला हवी. जागा करताच येत नसेल तर निदान बाळ झोपतं-रांगतं त्याच्या विरुद्ध कोपऱ्यात, फळीचा आडोसा करून ठेवा.

पाटी, थाळी, खोकं स्वयंपाकाच्या मोरीत धुऊ नका, त्यासाठी वेगळी बादली आणि वेगळी घासणी ठेवा. विष्ठा ओली असतानाच काढा, वाळल्यावर झाडली की धूळ उडते आणि दमेकऱ्याला त्रास होतो. हे काम बहुतेक घरात थोरल्या मुलीच्या वाट्याला येतं. मुलगाही करू शकतो. कुणीही करो, नंतर साबणाने हात धुवायचेच. बाळाला जुलाब झालेच तर ओआरएस सुरू करा, आशाताईकडून झिंक घ्या आणि ते 14 दिवस पूर्ण द्या. शीतून रक्त, डोळे खोल, लघवी बंद, किंवा बाळ पाणीही घेत नसेल तर घरी थांबू नका, दवाखाना गाठा.

पिल्लं माना टाकायला लागली की घरातल्या टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल फोडून पाण्यात घालतात, ते बंद करा. मानमोडी विषाणूने होते, त्यावर ही औषधं चालत नाहीत. उलट उरलेले जंतू औषधाला सरावतात, आणि उद्या तीच कॅप्सूल माणसाला लागू पडत नाही. मानमोडीला लस आहे. लासोटा लसीचा एक थेंब पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकात, पहिल्या आठवड्यात. अडचण एवढीच की बाटली शंभर किंवा त्याहून जास्त डोसची येते, बर्फात आणावी लागते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. 9 पिल्लांसाठी एकटी बाई ती कशाला आणेल? म्हणून गल्लीतल्या चार-पाच जणींनी कोंबड्या एकाच आठवड्यात बसवायच्या. मग पिल्लं एकदमच निघतात आणि एक बाटली सगळ्यांत वाटली जाते. पोलिओच्या थेंबांसारखंच आहे हे, तुम्हाला नवं नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून वार ठरवा.

एकाच वेळी बऱ्याच कोंबड्या पटापट मेल्या तर त्या कापून खाऊ नका, विकू नका, नाल्यात टाकू नका. 2006 साली नंदुरबारच्या नवापुरात आणि 2021 च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यात बर्ड फ्लू आला होता. पिशवीत हात घालून, तोंड बांधून त्यांना वेगळं ठेवा आणि त्याच दवाखान्याला कळवा.

सगळं नीट झालं तर साधारण सहा महिन्यांनी तलंगा अंडी द्यायला लागतील. पहिली अंडी विकायची घाई होते, उधारी असते, ते खरं. तरी आठवड्यातली काही अंडी घरात ठेवा आणि पूर्ण शिजवून खा. वाटताना सवयीने आधी बाप, मग मुलगा असं होतं. वयात आलेली मुलगी, गरोदर सून आणि सहा महिन्यांपुढचं बाळ यांचं अंडं आधी बाजूला काढा.