अधिवृक्क ग्रंथी, कॅल्शियमची द्वारे आणि आपली चिकित्सा

दि. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसर हादरला व हजारो माणसे मृत्युमुखी पडली. 21 मार्च 2024 रोजी हिंगोली भागातील भूकंपाचे धक्के नांदेडपर्यंत जाणवले. अशा वेळी क्षणार्धात छाती धडधडते, घाम सुटतो, हात कापतात. हे कसे घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करू.

क्रिया : भयाची संवेदना नाडीतंतूंद्वारे अधिवृक्क ग्रंथीच्या मज्जेपर्यंत पोहोचते. तेथे ॲसिटिलकोलीन स्रवून पेशीच्या आवरणावरील विद्युत्‌भार बदलतो आणि कॅल्शियमची द्वारे (चॅनेल्स) उघडतात. पेशीबाहेर मुक्त कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे 10,000 पट अधिक असल्याने ते वेगाने आत शिरते. त्यामुळे ॲड्रिनॅलिनने भरलेल्या सूक्ष्म पुटिका आवरणाशी एकरूप होऊन रक्तात रिकाम्या होतात. या स्रावास कॅल्शियम अनिवार्य आहे, हे डग्लस व रुबिन यांनी 1961 मध्ये मांजराच्या ग्रंथीवर दाखविले.

ग्रंथीच्या बाह्यकात प्रकार निराळा आहे. तेथे अल्डोस्टेरॉनचा साठा नसतो. अँजिओटेन्सिन किंवा रक्तातील वाढलेले पोटॅशियम यांमुळे पेशीतील कॅल्शियम वाढते व हा संप्रेरक नव्याने तयार होऊ लागतो.

स्रोतसांशी तुलना : ही द्वारे म्हणजेच चरकोक्त स्रोतसे, असे समीकरण मांडण्याचा मोह टाळावा. स्रोतस ही संकल्पना फार व्यापक आहे. ही द्वारे म्हणजे आवरणातील विशिष्ट प्रथिने होत.

व्यवहारातील उपयोग :

1. अम्लोडिपिन घेणारा रुग्ण विचारतो, "माझे कॅल्शियम बंद केले आहे, मग शंखभस्म, दूध चालेल का?" हे औषध शरीरातील कॅल्शियम कमी करीत नाही, ते मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या स्नायूंतील द्वारांतून होणारा प्रवेश रोखते. आहारातील दूध त्यासाठी वर्ज्य नाही. भस्माचा विचार वृक्कांची स्थिती व अन्य औषधे पाहून करावा.

2. भस्माने रक्तदाब आटोक्यात येईल या भरवशावर चालू गोळी थांबविण्यास सांगू नये.

3. उच्च रक्तदाबासह डोकेदुखी, घाम व धडधड यांचे वेग वारंवार येत असल्यास केवळ चित्तोद्वेग वा पित्तप्रकोप समजून थांबू नये. क्वचित त्यामागे मज्जेतील अर्बुद असते. मेटानेफ्रिनची तपासणी व तज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्यावा.

भयाने उठलेला वेग काही वेळाने शमतो. कारणाशिवाय पुनःपुन्हा उठणाऱ्या वेगाचा शोध घेणे, हे वैद्याचे कर्तव्य होय.