मुंबई-लंडन : जाताना दहा तास, येताना नऊ

विमानांची वेळापत्रके भौतिकीच्या तासाला वाचण्यासारखी असतात. समजा, हिवाळ्यात एक विमान मुंबईहून दुपारी २ वाजता निघाले व लंडनला सायंकाळी ६.३० वाजता पोचले. साडेचार तासांत लंडन? छे! हिवाळ्यात तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. म्हणजे प्रवास झाला १० तासांचा. परतताना ते रात्री ९ वाजता निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ११.३० वाजता मुंबईत उतरले. या साडेचौदा तासांतून साडेपाच वजा केले की उरतात ९ तास. अंतर तेच, विमानही तेच. मग एक तास वाचला कसा?

वर्गात हा प्रश्न विचारला की एक उत्तर हमखास येते : "सर, पृथ्वी फिरते म्हणून!" पण पृथ्वी तर पूर्वेकडे फिरते. विमान नुसते वर उठताच तिच्यापासून सुटत असते, तर लंडनच त्याच्याकडे धावत आले असते आणि जातानाचा वेळ कमी लागला असता. वेळापत्रक नेमके उलट सांगते. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किमी. वेगाने पूर्वेकडे सरकते. पण धावपट्टीवरचे विमान आणि भोवतालची हवाही तिच्याबरोबरच सरकत असतात. धावत्या एस.टी.त उडी मारली तर आपण मागच्या बाकावर जाऊन पडत नाही, तसेच हे.

खरे कारण वारा. उष्ण कटिबंधावरील हवा वरच्या थरांतून ध्रुवाकडे जाऊ लागली की पृथ्वीच्या परिवलनामुळे पूर्वेकडे वळते. त्यामुळे १० ते १२ किमी. उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान जेट प्रवाह तयार होतात. (तेव्हा पृथ्वीचे फिरणे अगदीच निर्दोष नाही!) लंडनला जाताना वारा समोरून, येताना पाठीमागून.

आता गणित. पृथ्वीगोलावर मुंबई ते लंडन दोरा ताणून धरला, तर त्याची लांबी सुमारे ७,२०० किमी. भरते. विमानाचा हवेतील वेग ताशी ९०० किमी. व वाऱ्याचा १०० किमी. घेऊ. जाताना ७,२०० ÷ ८०० = ९ तास; येताना ७,२०० ÷ १,००० = ७ तास १२ मिनिटे. प्रत्यक्षात वारा तिरका लागतो, म्हणून फरक याहून कमी पडतो. शिवाय देशोदेशींच्या हवाई हद्दींमुळे मार्ग वाकडा होतो आणि चढ-उतारालाही वेळ जातो.

गंमत बेरजेत आहे. दोन्ही मिळून १६ तास १२ मिनिटे झाली. वारा नसता तर ८ अधिक ८, म्हणजे १६ तासच! जाताना गमावलेले येताना भरून निघते, ही समजूत चुकीची ठरते. कारण विरुद्ध वाऱ्यात विमान ९ तास झगडते. अनुकूल वाऱ्याचा लाभ मात्र त्याला सव्वासात ताससुद्धा मिळत नाही.

आता वाऱ्याचा वेग दुप्पट, म्हणजे ताशी २०० किमी. घेऊन हेच गणित करा. तोटा १२ मिनिटांचा २४ मिनिटेच होतो का, ते पाहा.