भाताचा कडाकरपा आणि औषधास दाद न देणारे जंतू

भाद्रपदात वादळी पाऊस होऊन गेला आणि एका बांधीचे पाणी दुसरीत वाहू लागले, की भंडारा जिल्ह्यातील भातपिकावर कडाकरपा दिसू लागतो. पानाच्या कडा शेंड्याकडून नागमोडी पिवळ्या पडतात व पुढे वाळतात. गेल्या खरिपात लाखनी तालुक्यातील एका धुऱ्यावर उभा असता एका वयस्क शेतकऱ्यांनी मला विचारले, "साहेब, करप्याची पुडी बंद करायची म्हणतात. दवाखान्यातले औषध बिघडते म्हणून. आमच्या बांधीचा आन् दवाखान्याचा संबंध काय जी?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर गावोगावच्या कार्यकर्त्यांस ठाऊक असावे, म्हणून हा लेख.

ही सहा ग्रॅमची पुडी म्हणजे स्ट्रेप्टोसायक्लिन. तिच्यात नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन व एक भाग टेट्रासायक्लिन असते. दोन्ही माणसाचीच औषधे आहेत. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ साली अमेरिकेत मातीतील एका सूक्ष्म जीवापासून लागला, आणि क्षयावर गुणकारी ठरलेले ते पहिले प्रतिजैविक होय. काही कठीण प्रसंगी क्षयरोग्यास ते आजही द्यावे लागते.

जंतूंच्या कोट्यवधी संख्येत एखादा मुळातच चिवट निघतो. औषधाने इतर मरतात, तो उरतो आणि मोकळ्या जागेत त्याचाच वंश वाढतो. तणनाशकाचा अनुभव असलेल्या शेतकऱ्यास हे नवे नाही. जंतूंची आणखी एक रीत मात्र तणात दिसत नाही. एका शेतकऱ्याने शेजाऱ्यास बियाणे उसने द्यावे, त्याप्रमाणे एका जातीचा जंतू औषध पचविण्याचा गुण दुसऱ्या जातीच्या जंतूस देऊ शकतो. अमेरिकेतील सफरचंदाच्या बागांत स्ट्रेप्टोमायसिन फवारले जाई. तेथील रोगजंतूंत ते निष्प्रभ करणारी जी जनुके आढळली, तीच माणसांच्या व जनावरांच्या जंतूंतही आढळतात. ती कोठून कोठे गेली हे प्रत्येक वेळी सांगता येत नाही. पण शेत, गोठा व घर यांच्या मध्ये धुरा नाही, एवढे निश्चित.

रुग्णालयात या जंतूंस सर्वांत अनुकूल रान मिळते. रोगी अशक्त असतात, अंगावर जखमा असतात, लघवीसाठी व श्वासासाठी नळ्या घातलेल्या असतात आणि प्रतिजैविके सतत चालू असतात. एका खाटेवरील चिवट जंतू दुसऱ्या खाटेवर बहुधा हातांवरून जातो. तो हात परिचारिकेचा असेल, डॉक्टरांचा असेल किंवा भेटीस गेलेल्या नातलगाचाही असेल. क्षयाचा जंतू मात्र हवेतून पसरतो. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उडवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी डिसेंबर २०११ मध्ये चार क्षयरोग्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. तपासलेल्या कोणत्याच औषधास त्यांच्यातील जंतू दाद देत नव्हते. "सर्व औषधांस दाद न देणारा क्षय" ही संज्ञा शासनाने मान्य केली नाही. रोग्यांच्या दृष्टीने त्या वादाने काय फरक पडणार?

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. रुग्णालयातील या संकटाचा मोठा वाटा वैद्यकीय वापराचा व अस्वच्छतेचा आहे, भातशेतीचा नव्हे. सारा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तथापि आपल्या हातचा वाटा आपण थांबवू शकतो. कोंबड्या व दुभत्या जनावरांसाठी कोलिस्टिन या राखीव औषधाची विक्री केंद्र शासनाने जुलै २०१९ मध्ये बंद केली. डिसेंबर २०२१ मध्ये शेतीतील स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन टप्प्याटप्प्याने थांबविण्याच्या आदेशाचा मसुदा प्रसिद्ध झाला.

मग करप्याचे काय करावे? बियाणे निरोगी बांधीतलेच घ्यावे. रोवणीच्या वेळी पऱ्ह्यांचे शेंडे खुडू नयेत, कारण त्या जखमांतूनच जंतू आत शिरतो. युरिया एकदम न टाकता हप्त्याहप्त्याने द्यावा आणि रोग दिसताच पुढचा हप्ता थांबवावा. रोगट बांधीचे पाणी शेजारच्या बांधीत न सोडता शक्य तेथे वेगळ्या चारीने काढावे. जेथे रोग दरवर्षी येतो तेथे प्रतिकारक वाणाविषयी साकोलीच्या कृषी संशोधन केंद्रात विचारावे. गाईम्हशींस दगडी झाल्यास उरलेसुरले इंजेक्शन स्वतः टोचू नये. पशुवैद्यांनी सांगितलेले उपचार पुरे करावेत व त्यांनी सांगितलेल्या दिवसांपर्यंतचे दूध विकू नये. रुग्णालयात भेटीस जाणाऱ्याने रोग्यास स्पर्श करण्यापूर्वी व नंतर साबणाने हात धुवावेत, दुसऱ्याच्या खाटेवर बसू नये.

फवारणीपूर्वी रोगाची खात्री करून घेणे सर्वांत अगत्याचे. पिवळ्या कडेचे ताजे पान कापून स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात धरावे. कडाकरपा असल्यास कापल्या जागेतून दुधट धागा पाण्यात उतरतो. त्या धुऱ्यावर आम्ही ही परीक्षा केली. पाणी तसेच नितळ राहिले. पाने उलगडून पाहता आत पाने गुंडाळणारी अळी निघाली, आणि तिच्यावर त्या पुडीचा काहीएक परिणाम होत नाही.