माणूस चांगला, पण गुण येत नाही!

प्रश्न : मी ३८ वर्षांचा असून डोंबिवलीहून दादरला नोकरीसाठी जातो. गेल्या पावसाळ्यात फास्ट लोकल मध्येच बराच वेळ थांबली, तेव्हा छाती धडधडू लागली, हातापायांना मुंग्या आल्या, ‘आता जातोच’ असे वाटले. ईसीजी, इको सगळे नॉर्मल निघाले. पुढेही दोनतीनदा तसेच झाले. फॅमिली डॉक्टर म्हणाले, हे मनाचे आहे. म्हणून दोन महिन्यांपासून एका समुपदेशक ताईंकडे जातो. स्वभावाने फार चांगल्या आहेत, बोलून आले की हलके वाटते. पण गर्दीच्या लोकलमध्ये अजून पाय ठेववत नाही, ऑफिसला रस्त्याने जातो. मित्र म्हणतो सायकियाट्रिस्टला दाखव, बायको म्हणते गोळ्यांच्या नादी लागू नका. आपल्याला योग्य असा थेरपिस्ट शोधायचा तरी कसा?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि एक संकोच आहे. कोणाकडे जावे, हा पहिला प्रश्न. गेलो ती व्यक्ती आपल्या उपयोगाची आहे की नाही हे कसे कळावे, हा दुसरा. संकोच तुम्ही लिहिलेला नाही, पण तो दिसतो आहे : इतक्या चांगल्या ताईंना सोडायचे कसे? त्याकडे शेवटी येऊ.

आधी पाट्यांचा गोंधळ मिटवू. मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे तुमचा मित्र म्हणतो तो सायकियाट्रिस्ट, हा एमबीबीएस झालेला डॉक्टर असतो. त्यानंतर तो या विषयात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम करतो. निदान करणे आणि औषध लिहून देणे हे त्याचे काम. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, औषधे देत नाही. तो मानसिक चाचण्या घेतो आणि बोलण्यातून, सरावातून उपचार करतो. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. त्या नोंदणीचा क्रमांक विचारण्यात काहीही गैर नाही, तो परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळूनही पाहता येतो. तिसरे समुपदेशक, आणि इथे मात्र सगळा खिचडीचा मामला आहे. दोन वर्षांचे एमए करून, अनुभवी व्यक्तीच्या हाताखाली उमेदवारी केलेलेही समुपदेशक असतात आणि शनिवार-रविवारचा कोर्स करून भिंतीवर प्रमाणपत्र टांगणारेही. या व्यवसायांना शिस्त लावण्यासाठी २०२१ मध्ये केंद्राने कायदा केला आहे, पण नुसत्या पाटीवरून आजही फारसे काही कळत नाही. विचारावे लागते.

यावरून ‘जितकी पदवी मोठी तितका गुण जास्त’ असा निष्कर्ष मात्र काढू नका. गोव्यात संगत नावाची संस्था १९९६ पासून काम करते. तिच्या मंडळींनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, नैराश्याने त्रस्त झालेल्या लोकांवर एक प्रयोग केला. समुपदेशन करणारी माणसे मानसशास्त्राची पदवीधर नव्हती. स्थानिक, साधी माणसे होती. त्यांना एक नेमकी पद्धत शिकवली, सहा ते आठ भेटींचा आराखडा दिला आणि कामावर नियमित देखरेख ठेवली. या रुग्णांमध्ये, फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा अधिक सुधारणा दिसली. २०१७ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. म्हणजे समोरच्याकडे ठरलेली पद्धत आहे का आणि त्याच्या कामाकडे कोणी अनुभवी व्यक्ती बघते का, या दोन गोष्टींना पदवीइतकेच वजन आहे. समुपदेशकाला ‘तुम्ही कोणाच्या मार्गदर्शनाखाली काम करता?’ असे खुशाल विचारा. चांगल्या समुपदेशकाला हा प्रश्न अपमानाचा वाटत नाही.

आता गोळ्यांविषयी. मानसोपचारतज्ज्ञांना एकदा भेटणे म्हणजे गोळ्यांना होकार देणे नव्हे. तुमच्या बाबतीत ती भेट व्हावी असेच मी म्हणेन. थायरॉइडच्या दोषातही धडधड आणि घाबरल्यासारखे होते. रक्ततपासणीत थायरॉइड पाहिले होते का, हे ते विचारतील. तुमची लक्षणे पॅनिकची, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीची वाटतात. या त्रासात डिप्रेशनवरची काही औषधेही वापरतात. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि नशेसारखी त्यांची सवय लागत नाही. मात्र ती मनाने एकदम बंद करायची नसतात. सवय लागण्याचा धोका असतो तो झटपट शांत करणाऱ्या, झोप आणणाऱ्या काही गोळ्यांचा. वहिनींची भीती त्या गोळ्यांपुरती रास्त आहे. म्हणून तर त्या शेजाऱ्याच्या डब्यातून घेऊ नयेत. शिवाय पॅनिकवर औषधाविना, केवळ थेरपीनेही चांगला गुण येतो. निर्णय तुमचा आणि डॉक्टरांचा.

आता दुसरा प्रश्न. ‘थेरपिस्टशी सूर जुळला पाहिजे’ असे सगळेच सांगतात. ते खरे आहे, पण अर्धेच. एडवर्ड बॉर्डिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये या जुळण्याची फोड केली. त्याच्या मते त्यात तीन गोष्टी येतात : कुठे पोहोचायचे यावर दोघांचे एकमत, तिथे पोहोचण्यासाठी काय करायचे यावर एकमत, आणि परस्परांवर विश्वास. तुमच्याकडे विश्वास भरपूर आहे. ध्येयही तुमच्या मनात स्पष्ट आहे, पण ते तुम्ही ताईंना इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितले आहे का, याची मला शंका आहे. आणि मधली गोष्ट, म्हणजे नेमके काय करायचे, ती पत्रात कुठेच दिसत नाही. तुम्हाला हलके वाटते आणि तरीही लोकलमध्ये चढवत नाही, याचे कारण बहुधा इथेच आहे.

पॅनिकचे यंत्र कसे चालते ते पाहिले की हे अधिक स्पष्ट होईल. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये ते मांडले. शरीरात काहीतरी साधे घडते. गर्दीत उकडते, श्वास जलद होतो, ठोके वाढतात. मन त्याचा अर्थ लावते : हार्ट अटॅक! त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने ठोके आणखी वाढतात, वाढलेले ठोके पाहून मनाची खात्रीच पटते. हे चक्र काही मिनिटांत टोकाला जाते आणि आपोआप उतरते. पण माणूस ते उतरेपर्यंत थांबतच नाही. तो पुढच्या स्टेशनावर उतरतो, बरे वाटते, आणि मन हिशेब मांडते : उतरलो म्हणून वाचलो. दर वेळी असे झाले की भीती पक्की होत जाते. पाण्याची बाटली हातात घट्ट धरणे, दारापाशीच उभे राहणे, ओळखीचा माणूस असेल तरच चढणे, हे सगळे उपायही ‘मी यांच्यामुळे वाचतो’ हाच समज जपतात. डोंबिवलीहून सुटणाऱ्या अनेक फास्ट गाड्या थेट ठाण्याला थांबतात. मधे उतरायची सोय नाही, म्हणून नेमकी त्याच गाडीची धास्ती.

यावर सर्वांत पारखलेली पद्धत म्हणजे सीबीटी, विचार आणि वर्तन या दोन्हींवर काम करणारी थेरपी. तिच्यात बोलणे असतेच, पण करणेही बरेच असते. थेरपिस्ट तुम्हाला खोलीतच मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायला लावील, जागच्या जागी पळायला सांगील, म्हणजे धडधड झाली तरी काही बिघडत नाही याचा अनुभव येईल. मग पायऱ्या ठरतील. आधी दुपारी नुसते फलाटावर उभे राहून तीन गाड्या जाऊ द्यायच्या. मग रिकाम्या स्लो गाडीने कोपरपर्यंत, एकच स्टेशन. मग दिवा, मग ठाणे, मग फास्ट, मग सकाळची गर्दी, आणि अखेरीस बाटलीशिवाय, दारापासून दूर. प्रत्येक पायरीवर भीती वाटेल. ती आपोआप ओसरते हे शरीराला कळेपर्यंत तिथे थांबायचे, हीच मेख आहे.

मात्र ही पद्धत पॅनिकसाठी आहे. जवळचे माणूस गेल्याच्या दुःखाला, नवराबायकोच्या बेबनावाला किंवा लहानपणीच्या जखमांना निराळ्या तऱ्हेने हात घालावा लागतो, आणि तिथे तुमच्या ताईंसारखे शांतपणे ऐकून घेणारे माणूस हाच कदाचित मोठा उपचार ठरेल. म्हणून ‘सर्वांत चांगला थेरपिस्ट कोण?’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘माझ्या या त्रासावर काम करणारा कोण?’ याला आहे.

ते फोनवरच बरेचसे कळते. अपॉइंटमेंट घेताना लाजू नका. ‘मला लोकलमध्ये पॅनिक अटॅक येतात. तुम्ही असे रुग्ण पाहता का? त्यावर साधारण कशा पद्धतीने काम करता? शिक्षण कुठे झाले? फी किती, सेशन किती मिनिटांचे, आयत्या वेळी रद्द केले तर पैसे लागतात का?’ दोन मिनिटांचे काम. उत्तरे सरळ मिळाली तर जा. ‘आधी या तर खरे, मग बघू’ एवढेच ऐकू आले तर यादीतले पुढचे नाव पाहा. आणि ‘पाच सेशनमध्ये शंभर टक्के बरे करतो’ असे कोणी म्हणाले, तर फोन ठेवून द्या.

नावे कुठून आणायची? फॅमिली डॉक्टर हा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत कामाचा दुवा. तुमच्या जवळ ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही संस्था आहे, तिथे डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ एकाच छताखाली भेटतात. खासगी फी झेपत नसेल तर मुंबईतील केईएम, सायन, नायर या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे. गर्दी असते, वाट पाहावी लागते, पण खर्च अगदी थोडा. ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूरच्या सरकारी मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण विभाग चालतात. तिथे पाऊल टाकले की दाखलच करून घेतात, हा जुना गैरसमज आहे. लहान गावातल्या वाचकांनी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येते. मात्र कोणाच्या मनात जीव द्यायचे विचार येत असतील, तर थेरपिस्ट निवडत बसण्याची ती वेळ नव्हे. तडक रुग्णालयात जावे, तोपर्यंत एकटे राहू नये आणि हाच क्रमांक लावावा.

भाषेचेही पाहा. ‘आता जातोच’ हे वाक्य तुमच्या मनात मराठीत येते. थेरपिस्टला ते तसेच्या तसे हवे असते. इंग्रजीत सांगताना माणूस ते नीटनेटके करून टाकतो.

सुरू केल्यावर साधारण चारपाच भेटी द्या. पहिली भेट बहुधा माहिती घेण्यातच जाते : झोप, भूक, घरचे, जुने आजार, व्यसने. तेव्हा ‘यांनी काही सांगितलेच नाही’ म्हणून खट्टू होऊ नका. पुढे काही सेशननंतर थकवा आला, राग आला, जाऊच नये असे वाटले, तरी तेवढ्याने थेरपिस्ट चुकीचा ठरत नाही. नको त्या गोष्टीकडे पाहायला लावले की असे होतेच. चुकीच्या थेरपिस्टच्या खुणा निराळ्या असतात. स्वतःच्याच संसाराची कहाणी सांगणे, दुसऱ्या रुग्णांच्या गोष्टी नावानिशी ऐकवणे, आपल्या गुरूंच्या सत्संगाला बोलावणे, डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करायला सांगणे, सलगी करणे. यांतले एकही दिसले तर उठा आणि चालू लागा. तुमची माहिती गुप्त ठेवणे हे केवळ सौजन्य नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला तो हक्कच दिला आहे. जिवाला धोका असणे यांसारखे मोजके अपवाद आहेत, तेही पहिल्याच भेटीत विचारून घ्यावेत.

राहिला संकोच. ताईंना न सांगता जाणे बंद करू नका, आणि एकदम सोडूही नका. पुढच्या भेटीत एवढेच म्हणा : ‘मला सकाळच्या फास्ट लोकलने दादरला जायचे आहे. त्यासाठी आपण काय करणार आहोत?’ कदाचित त्यांना ही पद्धत येत असेल आणि तुम्ही दर वेळी ऑफिसचेच बोलत राहिल्याने विषय निघाला नसेल. तसे असेल तर बदलायची गरजच नाही. ‘हे माझे क्षेत्र नाही’ असे त्या म्हणाल्या, तर त्यांनाच एखादे नाव विचारा. या व्यवसायात दुसऱ्याकडे पाठवणे ही रोजची बाब आहे, त्यात कोणी कोणावर रुसत नाही. निघताना आतापर्यंतच्या कामाची लहानशी लेखी टिपणी मात्र मागून घ्या. नव्या ठिकाणी सगळे पहिल्यापासून सांगण्यात जाणारा एक तास वाचेल, आणि त्या तासाची फीसुद्धा.